बारा कोकरांची साक्ष

भिमाबाईच्या काढ्याला नावं ठेवायची छाती लोणीच्या शिवारात आजवर कुणाची झाली नव्हती. झाली ती एका मोबाईलची, आणि तोही घरचाच. सून रोहिणीचा.

मेंढरं तेव्हा भरतशेठच्या रानात बसली होती. कांदा निघून रान मोकळं झालं की भरतशेठ निरोप धाडायचे. मेंढरांनी रात्रीची त्यांच्या रानात लेंडी टाकायची, बदल्यात धान्य घ्यायचं, हा दोन पिढ्यांचा रिवाज. मेंढरं जाळीच्या वाघरीत रवंथ करत बसलेली. भिमाबाईचा लेक दादाभाऊ वाघरीचा फाटका कोपरा शिवत होता. रोहिणी चुलीपुढं एका हातानं भाकरी फिरवत होती आणि दुसऱ्या हातानं मोबाईल.

"आत्या, आपल्या काढ्याचं आलंय ग्रुपवर."

"फोटू हाय का?"

"फोटू न्हाई. कॉलेजच्या सायबांनी लिवलंय."

भिमाबाईनं तरीही पदर सारखा केला. "वाच. मोठ्यानं वाच, दादाभाऊच्याबी कानावर पडू दे."

रोहिणीनं मोठ्यानं सुरुवात केली आणि वाचता वाचता आवाज खाली आणला. "'डाळिंबाची साल, बाभळीची साल आणि सुंठ यांच्या काढ्याचा कोकरांच्या हगवणीवर कोणताही परिणाम होत नसल्याचे प्रयोगात आढळले. मेंढपाळ बांधवांनी...' झालं, एवढंच."

"बांधवांनी काय?"

"'...अशा घरगुती उपायांवर विसंबू नये.'"

दादाभाऊला एकदम वाघरीच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी काम आठवलं. तो उठून गेला. भाकरी करपली, पण त्याबद्दल भिमाबाई एक शब्द बोलली नाही. ती बोलली नाही म्हणूनच रोहिणी जास्त घाबरली.

हा काढा भिमाबाईला तिच्या सासूनं दिला होता. सासूनं दुसरं काही दिलं नाही, ना प्रेमानं हाक, ना अंगावर सोनं. दिला तो काढा, आणि तोही मरायला टेकल्यावर. तेव्हापासून कोकराला हगवण लागली की आंबेगाव-जुन्नरच्या सीमेवरचे मेंढके मोटरसायकलला बाटली लटकवून भिमाबाईचा पत्ता विचारत यायचे. ती कुणाकडून काही घ्यायची नाही. एवढंच म्हणायची, "कुनी इचारलं तर सांग, भिमाबाईनं दिला." ही तिची फी. तशी बघितली तर फार मोठी फी होती.

आता त्याच मेंढक्यांच्या मोबाईलवर काढा नापास होऊन पडला होता.

पुढच्या बेल्ह्याच्या बाजारात तिला बायडाबाई भेटली. बायडाबाई नात्यानं चुलत जाऊ, तिचं स्वतःचं मेंढरांचं मोठं खांड, आणि भिमाबाईचं काही वाकडं झालं की तिला झोप चांगली लागायची.

"भिमा, काढ्याचं ऐकलं बाई. लई वाईट वाटलं." तोंडावर वाईट वाटल्याचं काही दिसत नव्हतं. "बरं झालं पन येकापरी. नायतर आमी आजून बाभळी सोलीत बसलो आसतो."

"बाभळी सोलताना हात तरी हालत व्हते तुझे, बायडे," भिमाबाई म्हणाली. "आता नुसती जीभच हालंल. तिला तेल देत जा."

बाजारात चार माणसं हसली. पण टेम्पोत बसून घरी येताना भिमाबाईला हसू येईना. घरी आली तर एका कोकराला हगवण लागलेली, आणि रोहिणी त्याला मेडिकलमधून आणलेलं पांढरं औषध पाजत होती. चूल थंड. काढ्याचं भगुलं पालथं.

राग तिला रोजच यायचा. रागाचं तिला काही नवल नव्हतं. हे दुसरंच काहीतरी होतं आणि ते पायात काटा मोडल्यासारखं सलत होतं. काढा पाजलेली कोकरं दुसऱ्या दिवशी उभी राहिलेली तिनं डोळ्यांनी बघितली होती. कॉलेजच्या माणसांनीही बघितलं ते कोकरांकडंच, आणि तेही डोळ्यांनीच. मग त्यांना जे दिसलं ते हिला कसं दिसलं नाही? का हिला दिसलं ते त्यांना दिसलं नाही? माणूस खोटं बोलला तर समजतं. इथं खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि तरी दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं.

"आरोहीला बोलीव," ती रोहिणीला म्हणाली.

आरोही म्हणजे भरतशेठचीच पोरगी. जनावरांची डॉक्टर व्हायला गेली, ती झाली. आता त्याच्याही वरची परीक्षा देत होती. काढ्याचा प्रयोग तिनंच मागच्या थंडीत याच रानात केला होता, तिच्या सरांना बरोबर घेऊन.

"आत्या, ती पुण्याला असती."

"तिच्या बापाच्या रानात बसलोय आपन. सुट्टीला कुठं जाईल?"

आरोही सुट्टीला आली आणि बोलवायच्या आधीच सकाळी सकाळी रानात आली. येताना पेढ्यांचा पुडा आणला होता, ओझरच्या गणपतीचा प्रसाद म्हणून. भिमाबाईनं प्रसाद कपाळाला लावून बाजूला ठेवला. देवाशी तिचं भांडण नव्हतं.

"आजी, रागावलात ना?"

"रागवायला लई येळ पडलाय. आदी मला सांग, तुमी बगितलं काय?"

आरोही वाघरीजवळच्या दगडावर बसली. "आजारी कोकरं बारा घेतली. सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी चालू ठेवलं. त्यातल्या सहांना वर तुमचा काढा दिला, सहांना नाही दिला. काढा दिलेल्यातलं एक मेलं. न दिलेल्यातली दोन मेली."

"म्हंजे माझ्याकडचं येक आन बिनकाढ्याची दोन. दुप्पट मेली की गं! आन म्हनं परिनाम न्हाई!"

"आजी, फरक एका कोकराचा. तेवढं तर नशिबानंही होतं. एखादं कोकरू मुळातच अशक्त असलं तर? त्यावरून काढ्यानं वाचवलं असं म्हणता येत नाही."

"बरं. नशिबानं झालं आसंल. मान्य."

रोहिणीनं हातातली बादली खाली ठेवली. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूच्या तोंडून हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला होता.

"पन पोरी," भिमाबाई पुढं सरकली, "काढ्यानं झालं आसं म्हनता येत न्हाई, तर काढ्यानं काईच हुत न्हाई आसं तरी कसं म्हनता येतं? समज माझा काढा खरंच चांगला हाय. समज म्हनलं, तू लगीच मान्य करू नको. मरनाऱ्यातली निम्मी तो वाचीवतो. तर मग ह्या बारा कोकरांत ते तुमाला दिसलं आसतं का?"

आरोही बाजूचा पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधत बसली.

"बोल की."

"ते आम्ही काढलं नव्हतं."

"काय काढलं नव्हतं?"

"किती कोकरं घेतली तर फरक असला की दिसेल, हा हिशोब. तो आधी करायचा असतो, प्रयोग सुरू करायच्या आधी. पुस्तकात आहे. परीक्षेलाही येतो."

"मंग?"

"परीक्षेला येतो, आजी. प्रयोगाला कुणी करत नाही." आरोही ओशाळं हसली. "आमच्या आधीच्या मुलामुलींनी आठ-आठ, दहा-दहा जनावरं घेतली. सर म्हणाले, बारा म्हणजे उलट जास्तच."

"जास्त कशाला? फोटूला?"

रोहिणी फिसकन हसली. आरोहीला मात्र हसू आलं नाही. ती मोबाईल काढून त्यावर बोटं मारत बसली. मधेच एकदा पुटपुटली, मधेच कपाळाला आठ्या घातल्या. भिमाबाई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. दोन इयत्ता शिकलेल्या बाईला त्यातलं काय कळणार, पण पोरीचा चेहरा वाचायला इयत्ता लागत नाही.

"काय म्हनतोय त्यो?"

"म्हणतोय, काढा खरंच निम्मी वाचवत असता आणि हाच प्रयोग आम्ही शंभर वेळा केला असता, तरी एखाद्याच वेळी दिसला असता. तोही दिसला तर."

"दाखीव."

"काय दाखवू?"

"त्या डबड्यात मला कळत न्हाई. हातात घिऊन दाखीव."

आरोहीनं इकडंतिकडं बघितलं. बांधाकडेला भरतशेठची कांद्याची चाळ होती आणि चाळीपुढं निवडून बाजूला काढलेल्या कांद्यांचा ढीग. ती म्हणाली, "दोन गोण्या भरू. एकीत सडके कांदे जास्त, दुसरीत कमी. तुम्ही डोळे मिटून काढा आणि ओळखा."

"सडका कांदा मी गोनीत हात घालायच्या आदीच वासानं सांगीन. फसवाया निगाली मला!"

तेही खरंच होतं. मग आरोहीनं घरच्यासाठी लावलेला पांढरा कांदा आणला. लाल कांदा म्हणजे जगलेलं कोकरू, पांढरा म्हणजे मेलेलं. दोन्ही चांगले टणक, हाताला सारखे लागणारे. एका गोणीत दर दहा कांद्यांत तीन पांढरे घातले, ही बिनकाढ्याची. दुसरीत पांढरे त्याच्या निम्मे, ही काढ्याची. गोण्या भरून मांडेपर्यंत भिमाबाईला पाठ फिरवून बसवली. मांडल्या त्या रोहिणीनं, म्हणून कुठली गोणी कुठली हे फक्त तिला ठाऊक. कांदा काढायचा, बघायचा, परत टाकायचा, गोणी हलवायची आणि पुन्हा काढायचा. प्रत्येक गोणीतून सहा.

पहिल्या खेपेला भिमाबाईनं डाव्या गोणीतून दोन पांढरे काढले, उजवीतूनही दोनच.

"बराबरी. पुन्यांदा."

दुसऱ्या खेपेला डावीतून एक, उजवीतून तीन. भिमाबाईनं विजयानं डाव्या गोणीवर थाप मारली. "ही माझी! ही काढ्याची!"

रोहिणीनं ओठ आत दुमडून घेतले. "न्हाई आत्या. ती दुसरी."

"तू गोन्या बदालल्यास!"

"देवाशप्पथ न्हाई."

"पुन्यांदा."

आता दर खेपेआधी रोहिणी भिमाबाईच्या पाठीमागं गोण्यांच्या जागा बदलायची. कधी ओळख बरोबर यायची, कधी चुकायची, कधी दोन्हीकडं सारखंच. बरोबर आली तरी एका कांद्याच्या फरकानं, आणि पुढच्या खेपेला तो फरक उलटा. चहा झाकून ठेवला तो निवून गेला. दादाभाऊ मेंढरं सोडायची म्हणून विचारायला आला आणि आईला गोणीत हात घालून बसलेली बघून तिथंच उकिडवा बसला. स्वतःच्याच हातानं स्वतःचाच काढा तिनं दोनदा नापास केला होता, आणि तेही तो चांगला आहे असं गोणीत ठरवून ठेवलेलं असताना.

"आता सहावर थांबू नका," आरोही म्हणाली. "काढत राहा."

भिमाबाई काढत राहिली. विसापर्यंत घोळच होता. चाळीसच्या पुढं गेल्यावर एका गोणीचे पांढरे हळूहळू वर चढायला लागले, आणि पन्नास-साठ झाल्यावर तर मागं बसलेल्या दादाभाऊलासुद्धा कळलं. "आये, ती डावी बिनकाढ्याची," तो म्हणाला, आणि त्याचं बरोबर निघालं.

"शंभराच्या वर गेलो तर मग चुकायची भीती फार थोडी राहते," आरोही म्हणाली. "एका बाजूला एकशेवीस, दुसऱ्या बाजूला तेवढीच. अडीचशेच्या आसपास कोकरं धरा."

भिमाबाईनं हाताला लागलेली सालपटं झटकली. डोळे मात्र चमकत होते. "म्हंजे तुमी बांधावरनं येकदा उसाकडं वाकून बगितलं आन सांगितलं, उसात बिबट्या न्हाई."

"तसंच."

"आन त्येच्यावर भरोसा ठिऊन लोकांनी पोरं उसात सोडली." ती रोहिणीकडं वळली. "काय गं? पालथं घातलं न्हवं भगुलं?"

रोहिणी गोणीचं तोंड बांधण्यात फार गुंतून गेली.

"बिबट्या नाहीच असंही असेल, आजी," आरोही जपून म्हणाली. "आम्ही लिहायला हवं होतं की आम्हाला कळलं नाही. आम्ही लिहिलं, परिणाम नाही. ती चूक आमची."

"चूक न्हवं, गाढवपना! बारा! बारा कुनाच्या डोक्यातनं आलं? त्येचं नाव सांग मला. जाऊन इचारते."

आरोही खाली बघायला लागली.

"सांग की. भितीस काय?"

"आजी, बारा तुम्हीच सांगितली होती."

वाघरीतली एक मेंढी खोकली.

झालं होतं असं. मागच्या थंडीत कॉलेजची जीप लांबून धुरळा उडवत येताना दिसली, तसं भिमाबाईनं दादाभाऊला डोळ्यानं खुणावलं आणि दादाभाऊनं निम्म्याच्या वर खांड उसाच्या आडाला नेलं. यात लपवाछपवीचं काही नव्हतं. सगळेच मेंढके असंच करतात. खांडाचा आकडा परक्याला सांगत नाहीत. आकडा बोलला की नजर लागते, रोग शिरतो. स्वतः मालकसुद्धा मेंढरं बोटानं मोजत नाही. नुसती नजर फिरवतो आणि कुठलं कमी आहे ते त्याला कळतं. सरांनी जीपमधून उतरून विचारलं होतं, "आजी, आजारी कोकरं किती असतील?" आणि भिमाबाई म्हणाली होती, "हैत की धा-बारा."

"उसातून तेव्हा नुसती बें-बें चालली होती," आरोही म्हणाली. "सरांना वाटलं दुसऱ्या कुणाची मेंढरं. मला कळलं होतं. पण मी याच गावची ना, तुमच्या तोंडावर कसं म्हणू? आणि सर म्हणाले, बारा म्हणजे झकास, सहा-सहा होतील."

पहिला दादाभाऊ हसला. मग रोहिणी तोंडाला पदर लावून हसली, ती हसतच राहिली. भिमाबाईनं दोघांकडं असं बघितलं, की दुसऱ्या दिवशी हसलो असतो तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

"त्यानं इचारायचं व्हतं," ती शेवटी म्हणाली. "आजी, मला अडीचशे लागतील, देता का?"

"विचारलं असतं तर दिली असतीत?"

"न्हाई." तिनं जराही वेळ लावला नाही. "पन मग त्यानं प्रयोग केला नसता. आन केलाच नसता तर माझा काढा नापास झाला नसता. कमी हैत म्हनल्यावर जीप वळवून घरी जायचं. बारा कोकरांवर कशाला निकाल द्याचा?"

"आता पुरती कोकरं घिऊन पुन्यांदा कर," ती आरोहीला म्हणाली. तिला नवीन प्रयोग हवा होता.

आरोहीनं तिथूनच सरांना फोन लावला. सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, तुझं काम झालंय. एका विद्यार्थ्याला एका हंगामात अडीचशे कोकरं मिळत नाहीत, म्हणून तर कुणी हा हिशोब मांडत नाही. मांडला तर प्रयोगच करता येणार नाही." मग म्हणाले, "तुला कोकरं मिळत असतील तर कर. मी अडवत नाही. पण मेंढके आकडा सांगतील असं मला वाटत नाही."

फोन ठेवल्यावर आरोही भिमाबाईसमोर येऊन बसली. या वेळी तिनं दगड शोधला नाही, मातीतच बसली.

"आजी, आधी दोन गोष्टी सांगते. एक, निम्म्या कोकरांना काढा द्यायचा नाही. पाणी द्यायचं, फार बिघडलं तर मी सलाईन लावीन, पण काढा नाही. ती तुमच्या डोळ्यांपुढं राहतील."

"आन दुसरी?"

"आत्ता तुम्ही कुणालाही सांगू शकता की बारा कोकरांत काय कळतंय. ते खरंही आहे. पण अडीचशे झाल्यावर जर फरक दिसला नाही, तर मग मी परिणाम नाही असंच लिहीन. तेव्हा तुम्हाला बोलायला जागा राहणार नाही."

रोहिणीनं सासूच्या दंडाला हात लावला. "आत्या, ऱ्हाऊ द्या. बायडाबाईला कांद्याचं सांगू. तिचं तोंड बंद हुईल. काढा आपला ऱ्हातोय, नाव ऱ्हातंय. कशाला पुन्यांदा परीक्षेला बसवायचं त्याला?"

शहाणपणाचं बोलली होती सून. भिमाबाईनं दोन्ही गोण्यांकडं बघितलं, मग पालथ्या भगुल्याकडं. काढा सासूनं दिला, सासूला तिच्या सासूनं दिला असेल, आणि एवढ्या बायकांनी एवढी वर्षं तो उकळला. त्यातल्या एकीनंही निम्म्या कोकरांना तो न देता बघितलं नव्हतं. आपण तरी त्या सहांपलीकडं कुठं बघितलं? जगलेलं कोकरू लक्षात राहिलं. मेलेलं राहिलं का? तिनं आठवून बघितलं. मेलेल्याला 'त्याचं आयुष्यच तेवढं' म्हणून टाकलं होतं.

"नाव जाईल म्हनून भ्या वाटतंय खरं," ती म्हणाली. एवढंही ती कधी बोलत नसे. "पन आता मला म्हाईत हाय की मला म्हाईत न्हाई. ह्ये घिऊन मी कशी बसू? त्यो काढा उकळताना रोज वाटंल, का उकळतीय म्हनून. न्हाई बाई. काय हाय ते कळू दे तरी."

अडीचशे आजारी कोकरं एका खांडातून निघत नाहीत. त्यासाठी आजूबाजूची सगळी खांडं हवीत, आणि सगळ्यांनी आपापली कोकरं खरी खरी दाखवायला हवीत. दिवाळीच्या आधी बेल्ह्याच्या बाजाराला आलेली मेंढकी मंडळी भिमाबाईनं लिंबाखाली गोळा केली. आरोहीनं कांद्याच्या गोण्या आणल्या होत्या. खेळ सगळ्यांनी बघितला, दोघातिघांनी हात घालूनही बघितला, मजा आली. पण आकड्याची गोष्ट निघाली तसं एकेकाला टेम्पो सुटायची आठवण यायला लागली.

"हैत आमची धा-पाच," एक जण म्हणाला.

"माझीबी तेवढीच," दुसरा.

"सावळेराम," भिमाबाई पहिल्याला म्हणाली, "तुझी धा-पाच मेंढरं परवा रस्ता वलांडत व्हती तवा यष्टी डायवरची बिडी वढून हुईपर्यंत थांबली व्हती."

सगळे हसले, पण आकडा कुणी काढीना. तेव्हा भिमाबाई उठून उभी राहिली. पदर डोक्यावरून घट्ट ओढला, जणू नजर तिथूनच आत शिरणार आहे. आणि तिनं आपल्या खांडाचा आकडा सांगितला. पुरा. मेंढ्या किती, मेंढे किती, गाभण किती. तो आकडा इथं लिहायचं कारण नाही. ज्यांच्यापुढं सांगायचा त्यांच्यापुढं तिनं सांगितला. दादाभाऊनं डोळे मिटून घेतले होते. भिमाबाईच्या सासूच्याही काळात कधी न घडलेली गोष्ट भरबाजारात घडली होती.

मग बायडाबाई घसा खाकरून पुढं आली.

"एवढीच व्हय?" ती म्हणाली, आणि आपला आकडा सांगितला. तो भिमाबाईच्या आकड्याहून थोडा जास्त होता.

त्यानंतर कुणी मागं राहायला तयार होईना. उलट आरोहीलाच म्हणावं लागलं, की भाऊ, आहेत तेवढीच सांगा, वाढवून नको.

थंडी पडली आणि कोकरं झाली तशी हगवणही आली. पद्धत अशी ठरली होती: कोकरू आजारी पडलं की मोबाईलवर बटण दाबायचं; चिठ्ठी उचलल्यासारखा तो 'निळी' नाहीतर 'गेरू' सांगायचा. निळी आली तर पाठीवर निळीचा ठिपका आणि पोटात काढा. गेरू आला तर गेरूचा ठिपका आणि नुसतं मीठ-साखरेचं पाणी. आवडतं-नावडतं बघायचं नाही.

भिमाबाईच्या खांडातलं पहिलंच कोकरू आजारी पडलं ते काळ्या तोंडाच्या मेंढीचं, जिला तिनं स्वतः बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. रोहिणीनं बटण दाबलं. गेरू.

दुपारपर्यंत कोकरू मान टाकून पडलं. आरोही तेव्हा दुसऱ्या खांडाकडं गेली होती. चुलीवर काढा तयार होता. निळी निघेल त्या कोकरासाठी रोहिणीनंच करून ठेवला होता. ती वाटी घेऊन आली.

"आत्या, घोटभर पाजा. एका कोकरानं काय हुतंय? आन बगतंय कोन?"

"बगनारी मी हाय की," भिमाबाई म्हणाली. "मलाच तर बगायचंय. वाटी ठिव तिकडं."

तिनं कोकरू मांडीवर घेतलं आणि चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत बसली. मेंढी येऊन तिच्या पाठीला डोकं घासत होती. भिमाबाई तिला अधूनमधून शिव्या देत होती, म्हणजे बाईला रडू येत होतं. वाटीतल्या काढ्यावर तिनं जे ताट झाकलं ते संध्याकाळपर्यंत उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रोहिणीची हाक आली. "आत्या! अवं आत्या, उठलं! आईला लुचतंय बगा!"

भिमाबाई लगबगीनं वाघरीशी आली. कोकरू खरंच चारी पायांवर उभं होतं, थरथरत, शेपूट हलवत. पाठीवरचा गेरू पार विस्कटलेला. तिचा चेहरा आधी उजळला आणि मग अर्ध्यावरच थांबला. कोकरू वाचल्याचा आनंद मानावा, तर ते काढ्याविना वाचलं होतं.

रोहिणीच्याही ते आत्ता ध्यानात आलं. तिचा हात तोंडाशी गेला. "आत्या... बिनकाढ्याचं उठलं की. म्हंजे काढ्याचं काय खरं न्हाई?"

"येका कोकरावरनं बोलतीस गं?" भिमाबाई तिच्यावर खेकसली, आणि त्या खेकसण्यात कितीतरी दिवसांनी जुना जोर आला होता. "कांदं काढलं तवा कुठं व्हतं ध्यान? आरोहीला फोन लाव. गेरूचं येक जगलं म्हनावं, जसंच्या तसं सांग. आन ती वाटी आन हिकडं, त्या कोपऱ्यातलं निळीचं रातीपासनं कन्हतंय."